बिऱ्हाड हलते, केर मागे उरतो

सुरत हे पूर्वीपासून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे शहर आहे. मोगल अमदानीत हज यात्रेकरूंची आणि परदेशी व्यापाऱ्यांची गलबते तेथून ये-जा करीत. आज कापड आणि हिरे या दोन धंद्यांच्या ओढीने देशाच्या अनेक प्रांतांतून माणसे तेथे जातात. उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे उधना, लिंबायत या भागांत स्थिरावली आहेत. १७ डिसेंबर २०२३ रोजी खजोद येथे हिरेबाजाराच्या प्रचंड वास्तूचे उद्घाटन झाले. तीत चार हजारांहून अधिक कार्यालयांची सोय आहे. जेथे माणसांची एवढी वर्दळ, तेथे घरसामान हलविणाऱ्या कंपन्यांना कामाची वाण कशी पडेल?

परंतु बिऱ्हाड हलते तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एक वस्तू जन्मास येते. नव्या घरी सामान उतरले, मजुरी चुकती झाली आणि मालमोटार निघून गेली, की जिन्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचा आणि थर्माकोलचा ढीग उरतो. हा ढीग कोणाचा? कंपनी म्हणते, त्याचे पैसे गिऱ्हाइकाने दिले, म्हणून तो गिऱ्हाइकाचा. गिऱ्हाईक म्हणते, त्याने आणला तो त्याचा. अखेर तो नगरपालिकेच्या कचरागाडीच्या वाट्याला येतो.

केराची उपेक्षा केल्यास काय किंमत मोजावी लागते, हे सुरतेला कोणी शिकवावयास नको. १९९४ च्या सप्टेंबरात तेथे प्लेगची साथ उद्भवली आणि लक्षावधी लोक शहर सोडून गेले. पुढे १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी सफाईची व्यवस्था मुळापासून बदलली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात या शहराने इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला क्रमांक मिळविला. मात्र शहर स्वच्छ दिसते याचा अर्थ केर नाहीसा झाला असा नव्हे. ज्या खजोदला आज हिऱ्यांचा बाजार उभा आहे, त्याच खजोदला वर्षानुवर्षे सुरतेचा कचरा नेऊन टाकला जात असे. दाराबाहेर गेलेला केर कोठे तरी असतोच.

या प्रश्नाचे मूळ धंद्याच्या हिशेबात आहे. कंपनी वेष्टणाचे साहित्य गिऱ्हाइकाला विकते. जितकी खोकी अधिक, तितकी मिळकत अधिक. अशा स्थितीत काटकसरीचा उपदेश व्यर्थ होय. परंतु तेच साहित्य कंपनीने विकण्याऐवजी भाड्याने दिले आणि अनामत रक्कम घेऊन परत नेले, तर फाटलेले प्रत्येक खोके तिचे स्वतःचे नुकसान ठरेल आणि काटकसर आपोआप अंगवळणी पडेल. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून येई, तेव्हा रिकामी बाटली परत करण्याची शिस्त घरोघरी होती. ती उपदेशाने नव्हे, व्यवहाराने आली होती.

जुन्या काळी तर वेष्टण ही वेगळी वस्तूच नव्हती. काचेचे सामान धान्याच्या डब्यांत, आरसे गोधड्यांत आणि लहान भांडी मोठ्या पातेल्यांत बसून जात. पोचल्यावर ते वेष्टण पुन्हा संसारात रुजू होई. आजही उशा, चादरी आणि जुनी लुगडी भांड्यांभोवती गुंडाळली, तर निम्मे प्लॅस्टिक वाचण्यासारखे आहे.

सुरतेला याबाबत एक खास सोय आहे. तेथील कापड बहुतांशी कृत्रिम धाग्याचे असते आणि त्याच्या चिंध्या मातीत कुजत नाहीत. एरवीचा हा दोष येथे गुण ठरतो. अशा चिंध्या भरून शिवलेल्या जाड गाद्या कपाटांना आणि लाकडी सामानाला बांधता येतात. त्या ओलाव्याने सडत नाहीत, धुतल्यावर लवकर वाळतात आणि शेकडो फेऱ्यांना पुरतात.

पुठ्ठ्याचे तंत्र निराळे आहे. तो कोरडा व स्वच्छ असेल तरच रद्दीवाला त्याला चांगला भाव देतो. वापीच्या कागद गिरण्या अशाच रद्दीपासून खोक्यांचा तपकिरी कागद तयार करतात. परंतु प्रत्येक फेरीत कागदाचा तंतू आखूड होत जातो आणि पाच-सात फेऱ्यांनंतर तो निकामी ठरतो. म्हणून खोक्याचा लगदा करण्यापूर्वी ते खोके म्हणूनच अनेकदा वापरणे शहाणपणाचे. थर्माकोल मात्र मुळातच टाळावा. त्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. तो जागा अडवितो, पण वजनात भरत नाही, म्हणून भंगारवालाही त्याला हात लावीत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दुसऱ्याच्या घरून आलेल्या खोक्यांतून आणि गाद्यांतून ढेकूण, झुरळे आली तर? ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. म्हणून कंपनीने पुठ्ठ्याऐवजी धुता येतील असे प्लॅस्टिकचे क्रेट ठेवावेत, गाद्यांना काढता येतील अशा खोळी शिवाव्यात आणि त्या दर फेरीनंतर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. गिऱ्हाइकाला तसे दाखवून दिल्यास विश्वास बसेल. विश्वासाखेरीज भाड्याचा व्यवहार चालावयाचा नाही.

दुसरी उधळपट्टी रस्त्यावर होते. सुरत ते जळगाव सुमारे ३०० किलोमीटर. परतणारी रिकामी मालमोटार एका लिटरमध्ये ६ किलोमीटर चालते असे धरले, तरी ५० लिटर डिझेल लागते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे काडीचेही सामान न वाहता १३५ किलो! धुळे, जळगाव आणि सुरत येथील कंपन्यांनी एकमेकींना वेळीच निरोप देऊन परतीचा माल मिळवून दिला, तर इंधनही वाचेल आणि भाडेही उतरेल. शहरातल्या शहरात आखूड फेऱ्यांसाठी विजेवर चालणारा टेम्पो पुरेसा आहे.

शेवटी उरतात त्या घरमालकाला नकोशा झालेल्या वस्तू. चांगले कपाट, खाट वा पुस्तके गरजूंना पोचविता येतात. मात्र मोडका दूरचित्रवाणी संच किंवा इन्व्हर्टरची बॅटरी अशी वाटेल तेथे देऊन चालत नाही. बॅटरीत शिसे व आम्ल असते आणि ती उघड्यावर फोडणाऱ्याच्या शरीरात हे शिसे भिनते. अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेल्या पाहिजेत. विजेच्या उपकरणांविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागूही झाले आहेत.

यांतील कोणत्याही उपायाला मोठे भांडवल लागत नाही. हमालाला खोके नीट उघडण्याचे व घडी घालण्याचे शिक्षण आणि त्या श्रमांबद्दल दोन पैसे अधिक, गिऱ्हाइकाला पावतीवर स्पष्ट लिहिलेली अनामत आणि चालकाला परतीच्या मालाचा पत्ता, एवढी व्यवस्था छोट्या कंपनीलाही झेपेल. सामान सुखरूप पोचविणे हे तिचे अर्धे काम झाले. ज्या जिन्यावरून ते वर गेले, तो जिना पूर्ववत मोकळा करून निघणे, हे उरलेले अर्धे.