नीळ, प्रकाश आणि मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



चंपारणचा लढा कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. त्या लढ्यामागे एका रेणूचीही कथा आहे, तिच्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. निळीच्या रेणूत इलेक्ट्रॉन देऊ पाहणारे नायट्रोजनयुक्त गट आणि इलेक्ट्रॉन ओढून घेणारे कार्बन-ऑक्सिजनचे गट परस्परांशी जोडलेले असतात. अशा रचनेला दाता-ग्राही रचना म्हणतात. प्रकाश शोषला गेला की इलेक्ट्रॉनचा भार दात्याकडून ग्राहीकडे सरकतो. निळीचा गडद रंग हा त्याचाच परिणाम होय.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी १८८३ साली या रेणूची रचना निश्चित केली आणि १८९७ मध्ये बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. नैसर्गिक निळीचा धंदा कोसळू लागला. बिहारमधील चंपारणच्या कुळांवर तेव्हा ‘तिनकठिया’ची सक्ती होती. बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत मळेवाल्यासाठी नीळ लावावी लागे. निळीची गरज सरल्यावर कुळे आपोआप मुक्त व्हावयास हवी होती. घडले उलटेच. सक्तीतून सोडण्याची किंमत म्हणून मळेवाल्यांनी कोठे खंड वाढविला, तर कोठे ‘तावान’ या नावाने रोख रक्कम उकळली. १९१७ चा सत्याग्रह झाला आणि १९१८ च्या कायद्याने तिनकठिया रद्द झाली, तेव्हाच कुळांची सुटका झाली. शोधाने सक्तीचे कारण नाहीसे केले. सक्ती नाहीशी करण्यास मात्र संघटित लोकशक्तीच लागली.

हा धडा आज पुन्हा आठवण्याचे कारण म्हणजे निळीच्याच जातकुळीचे नवे दाता-ग्राही रेणू. कोळशाऐवजी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या रसायन उद्योगाची कल्पना इटालियन शास्त्रज्ञ च्यामिचान यांनी १९१२ मध्येच न्यूयॉर्क येथील व्याख्यानात मांडली होती. अडचण अशी की, बहुतेक सेंद्रिय पदार्थ दृश्य प्रकाश शोषतच नाहीत. प्रकाशाची ऊर्जा घेऊन ती त्यांच्यापर्यंत पोहोचविणारा मध्यस्थ, म्हणजे प्रकाशचलित उत्प्रेरक, आवश्यक ठरतो. २००८ नंतर या संशोधनाने वेग घेतला तो मुख्यतः रुथेनियम आणि इरिडियम या धातूंच्या संयुगांवर. भ्रमणध्वनीच्या चकचकीत पडद्यांतही इरिडियमची संयुगे प्रकाश देतात.

इरिडियम जगात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघते. त्याचा बहुतांश हिस्सा दक्षिण आफ्रिकेतील प्लॅटिनमच्या खाणींतून उपउत्पादन म्हणून येतो. याच प्लॅटिनमच्या पट्ट्यात मारिकाना येथे दरमहा १२,५०० रँड वेतनाची मागणी करणाऱ्या संपकरी खाणकामगारांवर १६ ऑगस्ट २०१२ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि ३४ कामगार ठार झाले. पुढे २०२० च्या प्रारंभी औंसाला सुमारे दीड हजार डॉलर असलेला इरिडियमचा भाव २०२१ मध्ये सहा हजारांवर गेला. धातू दुर्मीळ असला म्हणून तो खणणाऱ्याचे श्रम महाग होत नाहीत.

याच २०१२ साली जपानमधील क्यूशू विद्यापीठात आदाची यांच्या गटाने ‘फोर-सीझेड-आयपीएन’ हा धातुविरहित रेणू जाहीर केला. त्यात ग्राही असलेल्या मध्यवर्ती कड्याभोवती कार्बाझोलचे चार दाता-गट दाटीने बसविलेले आहेत. दाटीमुळे ते पिळले जातात आणि दाता व ग्राही यांच्यातील इलेक्ट्रॉनचे क्षेत्र वेगळे राहते. विजेने उत्तेजित केलेल्या साध्या सेंद्रिय रेणूंची सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा प्रकाश न देणाऱ्या अवस्थेत अडकून वाया जाते. या रेणूत मात्र खोलीच्या सामान्य उष्णतेनेही ती पुन्हा प्रकाश देणाऱ्या अवस्थेत येते. त्यापासून केलेल्या दिव्याची बाह्य कार्यक्षमता १९ टक्क्यांहून अधिक भरली.

२०१६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले की, हाच रेणू निकेलच्या जोडीने इरिडियमच्या उत्प्रेरकाचेही काम करतो. उत्तेजित अवस्थेत तो इलेक्ट्रॉन देऊही शकतो आणि घेऊही शकतो, आणि काम आटोपले की मूळ रूपात परत येतो. तो सहज उपलब्ध होणाऱ्या दोन पदार्थांपासून एकाच टप्प्यात तयार करता येतो.

तरीही ‘धातुविरहित’ म्हणजे ‘निर्दोष’ असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. कार्बाझोल कोळशाच्या डांबरातून मिळते, दुसरा घटक फ्लोरिनयुक्त आहे, द्रावके लागतातच, आणि काही अभिक्रियांत हा रेणू स्वतःच हळूहळू बदलून जातो. प्रत्येक ठिकाणी तो इरिडियमची जागा घेईल असेही नाही.

परंतु खरा प्रश्न मालकीचा आहे. राष्ट्रीय विद्यापीठात लागलेल्या या शोधाच्या व्यापारी वापरासाठी २०१५ मध्ये क्युलक्स ही खाजगी कंपनी स्थापन झाली. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या बाबतीत केवळ प्रक्रियेलाच पेटंट मान्य केले होते, आणि त्या अवकाशात स्वस्त औषधांचा देशी उद्योग वाढला. २००५ पासून उत्पादनालाही पेटंट लागू झाले. नवा उत्प्रेरक म्हणजे नवी प्रक्रिया. तिच्यावर मक्तेदारी बसली, तर खाणमालकाची खंडणी जाऊन पेटंटधारकाची येईल, एवढाच फरक.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन सर्वांना वापरता आले पाहिजे. धातूची मागणी घटल्यास खाणकामगारांच्या उपजीविकेची हमी आधी ठरली पाहिजे. नव्या कारखान्यांत द्रावके हाताळणाऱ्या कामगाराचे आरोग्य हा खर्चाचा नव्हे, हक्काचा विषय मानला पाहिजे. हे रेणू आज बहुतांशी प्रयोगशाळेच्या प्रमाणावर वापरले जात आहेत. त्यांच्याभोवतीचे हितसंबंध पक्के होण्यापूर्वीच या मागण्यांचा आग्रह धरणे आवश्यक आहे. चंपारणच्या कुळांना तशी संधी मिळाली नव्हती.