भ्रूणपरीक्षा : विश्वास आणि विवेक



सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते मुलांप्रमाणे मुलींनाही. त्याच गुजरातेत २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८८३ मुली आढळल्या. गर्भजल-परीक्षा आपल्याकडे १९७० च्या दशकात आली ती आनुवंशिक व्यंगे शोधण्यासाठी. पाहता पाहता ती मुलगी टाळण्याचे साधन झाली. महाराष्ट्राने १९८८ मध्ये तिला कायद्याने प्रथम पायबंद घातला. १९९४ चा केंद्रीय कायदा २००३ मध्ये विस्तारून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही निषिद्ध ठरली. भ्रूणपरीक्षेचा विचार या अनुभवाच्या उजेडात करावयास हवा.

प्रयोगशाळेत वाढविलेल्या सुमारे पाच दिवसांच्या भ्रूणाच्या बाह्य थरातून मोजक्या पेशी काढून त्या तपासतात. या थरापासून पुढे वार घडते, बालक नव्हे. म्हणजे परीक्षा एकाची आणि निष्कर्ष दुसऱ्याविषयी, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

माता-पिता दोघेही थॅलसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला तीव्र आजार होण्याचा संभव चारात एक असतो. अशा बाळाला जन्मभर रक्त चढवावे लागते. येथे कुटुंबातील जनुकीय दोष आधीच ठाऊक असतो. प्रश्न नेमका, म्हणून उत्तरही बरेच भरवशाचे. तरीही पुढे गर्भजल तपासून खात्री करून घेण्याचा सल्ला देतात. गुणसूत्रांची सरसकट मोजणी मात्र इतकी निःशंक नाही. एकाच भ्रूणात सदोष व निर्दोष पेशी एकत्र नांदतात, आणि असे मिश्र ठरलेले भ्रूण रुजवून निरोगी बालके जन्मल्याची उदाहरणे आहेत. बुद्धी किंवा उंची यांचे भाकीत तर त्याहून दुबळे, कारण तेथे असंख्य जनुके आणि संगोपन यांचा मेळ असतो.

२०२१ च्या कायद्याने ही परीक्षा ज्ञात आनुवंशिक रोगांपुरतीच मर्यादित केली, हे योग्यच झाले. रोगाचे दुःख टाळू पाहणाऱ्या आईबापांना दोष देण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु रोगी व अपंग माणसाचे मोल कमी, असा अर्थ त्यातून समाजाने काढू नये. शिवाय विवाहापूर्वी वा गर्भारपणाच्या आरंभी रक्ताची साधी तपासणी करून थॅलसेमियाचे वाहक ओळखता येतात. हा अल्पखर्चाचा मार्ग आधी घरोघरी पोहोचला पाहिजे.

या शाळेतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना माझी एकच विनंती आहे : अहवाल हाती देताना त्यातील अनिश्चितताही तितक्याच स्पष्टपणे सांगा. निर्णय आईबापांना घ्यावयाचा असतो, आणि तो अपुऱ्या माहितीवर घेतला जाऊ नये.