अन्नदान, दाता आणि कायद्याचे कवच
(देणगीदार मेळाव्यात प्रशासन विभागातर्फे केलेले भाषण)



वर्षभराचा जमाखर्च आपणांपुढे अहवालात मांडलेलाच आहे. परंतु ज्याची पावती फाडता येत नाही अशा एका दानाविषयी, म्हणजेच अन्नदानाविषयी, याप्रसंगी चार शब्द बोलण्याची अनुमती असावी.

लग्नसराई सुरू झाली की मंगल कार्यालयांतून आम्हांस दूरध्वनी येऊ लागतात. स्वयंपाक बराच उरला आहे, आपल्या धर्मशाळेतील मंडळींना चालेल का, अशी आपुलकीची विचारणा असते. त्याच दात्यांपैकी काही जण किंचित थांबून विचारतात, "उद्या कोणाला बाधले तर आमच्यावर तर काही येणार नाही ना?" हा प्रश्न अनुदारपणाचा नाही. या एका धास्तीपायी कितीतरी चांगले अन्न उकिरड्यावर जाते आणि दाराशी बसलेला नातेवाईक उपाशी राहतो.

हाच प्रश्न अमेरिकेतही उभा राहिला होता. तेथे कॅलिफोर्निया राज्याने १९७७ साली अन्नदात्यांना संरक्षण देणारा कायदा केला. पुढे इतर राज्यांनीही तसे कायदे केले. पण प्रत्येकाचे नियम निराळे असल्याने अनेक राज्यांत व्यवसाय करणाऱ्या दात्याचा संभ्रम कायम राहिला. अखेर १ ऑक्टोबर १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने संपूर्ण देशासाठी एक कायदा झाला. भुकेच्या प्रश्नाचा पाठपुरावा करणारे मिसूरीचे लोकप्रतिनिधी बिल एमर्सन त्याच वर्षी निवर्तले होते. त्यांचेच नाव या कायद्यास देण्यात आले. जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या बायबलमधील परोपकारी शोमरोनी माणसाचा उल्लेखही त्याच्या शीर्षकात आहे.

या कायद्याचा आशय असा : वरकरणी उत्तम दिसणारे अन्न सद्हेतूने गरजूंसाठी धर्मादाय संस्थेस दिले, तर त्यातून झालेल्या अपायाबद्दल दात्यावर दिवाणी अथवा फौजदारी दायित्व येत नाही. मात्र घोर निष्काळजीपणा किंवा हेतुपुरस्सर गैरवर्तन असेल, तर हे कवच गळून पडते. जानेवारी २०२३ मध्ये या संरक्षणाची व्याप्ती वाढवून, ठरावीक पात्र दात्यांनी गरजूंच्या हाती थेट दिलेल्या अन्नासही ते लागू करण्यात आले.

आता आपल्याकडील स्थिती पाहू. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात अन्न व्यवसायाची व्याख्या करताना तो नफ्यासाठी असो वा नसो, असे म्हटले आहे. म्हणजे धर्मादाय संस्थाही त्या कक्षेत येते. कलम ६५ नुसार अपायकारक अन्न बनविणारा, विकणारा आणि वाटणाराही भरपाईस पात्र ठरू शकतो. मृत्यू ओढवल्यास ती रक्कम किमान ५ लाख रुपये आहे. योग्य ती सर्व दक्षता घेतल्याचे दाखवून देणाऱ्यास कलम ८० खाली बचाव मांडता येतो. अतिरिक्त अन्नाच्या वाटपासाठी २०१९ साली स्वतंत्र विनियम झाले. वाटप करणाऱ्या संस्थेची नोंदणी, अन्नाची योग्य हाताळणी व नोंदी यांविषयी त्यांत नियम आहेत. परंतु अमेरिकेतल्यासारखे निःसंदिग्ध संरक्षण दात्यास त्यांत दिलेले नाही.

असे संरक्षण आपल्या विधिपरंपरेस परके आहे, असे मात्र नाही. रस्त्यावरील अपघातग्रस्तास मदत करणाऱ्या नागरिकाला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ घालून अभय देण्यात आले. जखमीस रुग्णालयात पोहोचविणाऱ्याला जे मिळाले, ते भुकेल्यास घास देणाऱ्यासही मिळावे, ही आमची नम्र भूमिका आहे.

तथापि रुग्णालय चालविणाऱ्यांना नाण्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. कायदा दात्याला वाचवू शकेल. बाधलेल्या अन्नापासून खाणाऱ्याला वाचवू शकणार नाही. शिजविलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला, तर त्यात काही जिवाणू असे विष निर्माण करतात की जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. वासाने वा चवीने ते ओळखू येईलच असेही नाही. गरजू माणसाचे पोट इतरांपेक्षा कणखर असते, असे वैद्यकशास्त्रात कोठेही लिहिलेले नाही.

म्हणून आम्ही काही शिस्त ठरविली आहे. रुग्णांना केवळ आमच्या स्वयंपाकघरातील, आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेलेच अन्न मिळते. बाहेरून आलेले अन्न फक्त नातेवाइकांसाठी असते. पंगतीत वाढलेले अन्न आम्ही घेत नाही. भांड्यातील, झाकलेले व गरम असेल तेवढेच घेतो. ते कोणी, कोठे व किती वाजता शिजविले याची नोंद होते आणि दाता व स्वीकारणारा अशा दोघांच्या सह्या होतात. दुधाचे पदार्थ आम्ही नाकारतो. काही दात्यांना ही चौकशी अविश्वासाची वाटते. त्यांना आमचे सांगणे असे की, देणगीची पावती जशी तुमच्या पैशाची साक्ष असते, तशी ही नोंद तुमच्या दक्षतेची साक्ष असते. स्पष्ट कायदा होईपर्यंत दात्याच्या हाती असलेले तेच खात्रीचे कवच आहे.

शक्य असल्यास कृपया तांदूळ, डाळ, पीठ, तेल असा कोरडा शिधा द्यावा. शिजविलेले अन्न द्यावयाचे असल्यास पंगती उठण्याची वाट न पाहता आधी कळवावे, म्हणजे आमचा माणूस वेळेवर पोहोचेल. आणि कधी आम्ही नम्रपणे नकार दिला, तर राग मानू नये. तो नकार आपल्या दानाला नसून त्या अन्नाच्या उलटून गेलेल्या वेळेला असतो.

आपल्या औदार्यावरच या संस्थेचा संसार चालतो.