वासाची बाराखडी

सकाळीं चहाला उकळी फुटली कीं बाहेरच्या खोलींत बसलेल्यालाही तें समजतें. डोळ्यांनीं कांहीं पाहिलेलें नसतें, कानांवर कांहीं आलेलें नसतें. वर्दी दिलेली असते ती नाकानें. ती तें कशी देतें, हें आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

वास म्हणजे पदार्थांतून सुटून हवेंत मिसळलेले अतिसूक्ष्म रेणू. मिठाचे कण असे उडून जात नाहींत, म्हणून मीठ दरवळत नाहीं; कापराचे उडतात, म्हणून डबी उघडतांच तो कळतो. हे रेणू श्वासाबरोबर नाकाच्या अगदीं वरच्या भागीं पोहोंचतात. तेथील ओलसर अस्तरांत लक्षावधि मज्जापेशी असतात. त्यांच्या टोकांना केसाहूनही बारीक तंतू असून त्यांवर विशिष्ट प्रथिनें असतात. त्यांना ग्राहक म्हणतात. ग्राहकाच्या खोबणींत जुळणारा रेणु बसला कीं ग्राहकाचा आकार किंचित् बदलतो. त्यासरशीं पेशीच्या आंत रासायनिक क्रियांची सांखळी सुरू होते, पेशीच्या आवरणांतील सूक्ष्म दारें उघडतात, विद्युद्भारित कण आंत शिरतात आणि विजेचा संदेश मेंदूकडे धांवतो.

या ग्राहकांचीं जनुकें लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं उजेडांत आणलीं. २००४ सालीं त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याजवळ असे ग्राहक सुमारें ४०० जातींचे आहेत. मग वास हजारों कसे ओळखतां येतात? प्रत्येक वासाला स्वतंत्र कुलूप, अशी निसर्गाची योजनाच नाहीं. बहुतेक रेणू अनेक ग्राहकांना कमीअधिक जागे करतात, आणि एक ग्राहक अनेक रेणूंना ओ देतो. अक्षरें मोजकीं, पण त्यांच्या जुळणीनें शब्द अगणित, हें पहिलीच्या वर्गांत मुलांना शिकवितों. तोच नियम येथें लागू आहे. ही वाचणी किती चोखंदळ असते पाहा! कार्व्होन नांवाच्या द्रव्याचे रेणू दोन प्रकारचे असतात. दोहोंत अणु तेच आणि तितकेच. केवळ डावा हात व उजवा हात यांप्रमाणें एकमेकांचें प्रतिबिंब. तरी एकाला पुदिन्याचा वास येतो, दुसऱ्याला शहाजिऱ्याचा.

अशा या इंद्रियाची आपण फारशी कदर करीत नाहीं. २०२० सालीं कोविडच्या सांथींत असंख्य लोकांचा वास गेला, तेव्हां अन्न बेचव झाल्याचें त्यांना उमगलें. वयपरत्वें हीच शक्ति हळूहळू उणावते आणि ज्याची उणावते त्याला पत्ताही लागत नाहीं. सुनेच्या आमटीला पूर्वीची चव उरली नाहीं, ही तक्रार पुष्कळदां आमटीची नसून नाकाची असते.

एवढ्यावर भागतें तर हंसून सोडून देतां आलें असतें. परंतु स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मरकॅप्टन नांवाचें उग्र द्रव्य मिसळतात. घरांत एकट्या राहणाऱ्या वृद्धाला तो वास येत नसेल, तर त्या घराचा पहारेकरीच झोंपला म्हणावयाचा. म्हणून आपल्या वडील माणसांना मधूनमधून लवंग, लिंबू हुंगावयास द्यावें, ओळखूं येतें का विचारावें, आणि न आल्यास डॉक्टरांस दाखवावें. या मज्जापेशी पुनःपुन्हां नव्यानें उत्पन्न होतात. गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी रोज दोन वेळां लक्षपूर्वक हुंगण्याच्या सरावानें कित्येकांना गुणही येतो. गेलेलीं अक्षरें पुन्हां गिरवितां येतात. आधीं तीं गेलीं आहेत, हें मात्र कोणीतरी ओळखावयास हवें.