मुंगीचा पहारा
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



तुकोबारायांनी मुंगी आणि ऐरावत एकाच अभंगात आणले आणि देवापाशी लहानपण मागितले. तो अभंग आपण वाटेने कितीदा म्हणतो. नम्र व्हावे, एवढा अर्थ घेतो नि पुढच्या अभंगाला लागतो. पण लहानाच्या हातून केवढे काम होते, तेही बघायला हवे. त्याचा एक दाखला आज आम्ही दूरदेशीचा देतो.

आफ्रिकेत केनिया देश आहे. तिथल्या माळावर आपल्या बाभळीच्या गोतातले एक झाड आहे. त्याच्या काट्यांच्या बुडाशी पोकळ गाठी असतात, त्यांत मुंग्या राहतात. झाड त्यांना घर देते, गोड रस देते. त्या झाड राखतात. हत्तीने फांदीला सोंड लावली की मुंग्या सोंडेत शिरून आतल्या नाजूक कातडीला चावतात. मुंगीचे वजन ५ मिलिग्रॅम, हत्तीचे धरा ५ हजार किलो. म्हणजे एका हत्तीच्या तोलाला शंभर कोटी मुंग्या लागतील! तरी हत्ती मुकाट्याने दुसऱ्या झाडाकडे वळतो. अभ्यासकांनी काही झाडांवरच्या मुंग्या काढून पाहिल्या, तर हत्तींनी ती झाडे ओरबाडली. हे २०१० साली प्रसिद्ध झाले.

पुढे तिथे मोठ्या डोक्याची एक परकी मुंगी शिरली. तिने राखणदार मुंग्या मारल्या, झाड मात्र राखले नाही. मग हत्तींनी तिथली झाडे पाच ते सात पट जास्त मोडली. माळ उघडा पडला. सिंह झाडांच्या आडोशाने झेब्र्यावर झडप घालतो; आडोसाच गेला, तेव्हा झेब्रे पूर्वीइतके हाती लागेनात. सिंहांना रानरेड्यासारख्या दांडग्या जनावराशी झुंजावे लागले. २०२४ साली हेही प्रसिद्ध झाले. बघा माऊली, मुंगी गेली नि सिंहाच्या तोंडचा घास गेला!

आता आपल्या दिंडीकडे पाहू. विणेकरी, चोपदार, मृदंगवाले सगळ्यांना दिसतात. पहाटे तंबू सोडणारे, चूल पेटवणाऱ्या मायमाउल्या, हंडे भरणारे, मागे राहून मुक्कामाची जागा झाडणारे कुणाला दिसत नाहीत. शंभर वर्षे दिंडी त्यांनी राखली. आज फोटोला पुढे उभे राहायला माणूस मिळतो. झाडू धरायला चार हाका माराव्या लागतात. ही जागा रिकामी राहिली तर आधी मुक्काम घाण होईल, मग गाव उतरायला जागा देणार नाही, मग म्हातारी माणसे वारी सोडतील. मग वीणा कुणापुढे वाजवायची?

म्हणून शताब्दीच्या वर्षी आमचे एवढेच मागणे आहे. यंदा प्रत्येक घराने दिंडीतले एक लहान काम पदरात घ्यावे आणि पंढरीपर्यंत सोडू नये. मोठेपणा विठोबाचा, आपल्या वाट्याला मुंगीचा पहारा आला तरी पुष्कळ.

रामकृष्ण हरी!