मुलांच्या घरी पाहुणे म्हणून जाताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मंडळाच्या कार्याचा गौरव करणारे पुष्कळजण बोलतील. ते काम त्यांच्यावर सोपवून मी नेमलेल्या विषयाकडे वळते. बालगृहातील मुले आणि त्यांना भेटायला येणारी माणसे, असा विषय चिटणीसबाईंनी मला दिला आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील एका बालगृहात मी बरीच वर्षे अधीक्षिका होते, एवढाच माझा अधिकार. विषय परका नाही. तान्ह्या पोळ्याला बोजारा घेऊन, संक्रांतीला तिळगूळ घेऊन, घरातल्या कोणाच्या वाढदिवसाला लाडवांचा डबा घेऊन आपण बालगृहात जातोच. म्हणजे तेथल्या पाहुण्यांत आपलीही गणना होते.

पाहुण्याचे स्वागत करावे, ही आपली रीत. पण घर कोणाचे, हे आधी पाहिले पाहिजे. बालगृह हे संस्थेच्या विश्वस्तांचे घर नव्हे, देणगीदारांचेही नव्हे. ते मुलांचे घर आहे. समजा, तुमच्या दारी एक अनोळखी गृहस्थ आले आणि म्हणाले, "आज माझा वाढदिवस आहे, तुमच्या मुलीला मांडीवर घेऊन एक फोटो काढतो, आणि ती झोपते कुठे तेही पाहून घेतो." तुम्ही त्यांना चहा द्याल की दार लावून घ्याल? बालगृहातल्या मुलीची आई दारात उभी नसते. म्हणून तेथे नियमांनी उभे राहायचे असते.

हे नियम कोणा अधीक्षिकेच्या लहरीवर नाहीत. मुलांची काळजी आणि संरक्षण यांसाठी २०१५ साली केलेला बाल न्याय कायदा आहे आणि त्याखाली २०१६ साली आदर्श नियम झाले. आई-बाप व नातेवाईक यांनी महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी भेटावे, आणि विशेष कारण असेल तर अधिक वेळाही भेटू द्यावे, असे त्यांत आहे. मुलाला सणासाठी, नात्यातल्या लग्नासाठी किंवा परीक्षेसाठी बाहेर न्यायचे असेल, तर ती रजा बाल कल्याण समिती देते. अधीक्षिकेला ती देता येत नाही, विश्वस्तांनाही नाही. मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र अशी ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट प्रसिद्ध करण्यास कलम ७४ ने मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे वर्तमानपत्राला लागू आहे, तसेच आपल्या हातातल्या मोबाईललाही आहे.

आता कोणी म्हणेल, "अहो, दानधर्म करणाऱ्या माणसांवर एवढा संशय कशाला?" याचे उत्तर दोन घटनांत आहे. त्या सांगताना जड जाते, पण सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोव्याची. मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा मनुष्य अनाथ मुलांसाठी 'गुरुकुल' नावाचे वसतिगृह चालवीत असे. गरिबांचा कैवारी म्हणून त्याची ख्याती होती. परदेशी पाहुणे त्याच्याकडे येत-जात. १९९१ मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा त्या पाहुण्यांसाठी मुलांचा काय उपयोग केला जात होता ते बाहेर आले. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. दुसरी मुंबईची. कुलाब्याजवळ रस्त्यावरच्या मुलांसाठी 'अँकरेज' नावाची निवासगृहे होती. ती काढणारा डंकन ग्रँट आणि तेथे अधूनमधून येणारा त्याचा मित्र ॲलन वॉटर्स, दोघेही इंग्रज. मुलांच्या तक्रारी २००१ मध्ये पुढे आल्या. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना शिक्षा केली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सोडले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळची सहा वर्षांची शिक्षा कायम केली. मुलांना न्याय मिळायला दहा वर्षे लागली.

भगिनींनो, या दोन्ही ठिकाणी भिंतीवरून उडी मारून कोणी आत आले नव्हते. माणसे पुढच्या दाराने, खाऊ-कपडे घेऊन, मानाने आली होती. म्हणून मी म्हणते की, नियम अनोळखी माणसापेक्षा ओळखीच्या माणसासाठी अधिक पाळावा लागतो. अनोळखी माणसाला पहारेकरी आपण होऊन अडवतो. ओळखीच्याला अडवायला वहीच लागते.

माझ्या काळात एका दिवाळीला असेच घडले. एक प्रतिष्ठित गृहस्थ एका मुलीला चार दिवस घरी न्यायचे म्हणून आले. समितीचे पत्र नव्हते. मी नाही म्हटले. तासाभरात एका विश्वस्तांचा फोन आला, "बाई, ते आपल्या माहितीतले आहेत." मी म्हटले, "तर मग समितीकडे अर्ज करणे त्यांना जड जाऊ नये." त्यांनी अर्ज केला नाही. ते गृहस्थ कदाचित देवमाणूस असतील. पण ते मला ठाऊक नव्हते, विश्वस्तांनाही नव्हते, आणि चूक झाली असती तर तिची किंमत त्या मुलीने मोजली असती.

आता कामाची गोष्ट. फाटकापाशी एक नोंदवही असावी. तीत येणाऱ्याचे नाव, पत्ता, कोणाला भेटायचे, नाते काय, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि सही. ओळखपत्र पाहावे. मुलाच्या फायलीत भेटीस पात्र नातेवाईकांची नावे आधीच लिहिलेली असावीत. "मी मामा" म्हणणाऱ्याचे नाव तेथे नसेल, तर समितीला विचारावे. भेटीची जागा उजेडाची, दार उघडे असलेली आणि कर्मचाऱ्याच्या नजरेतली असावी. झोपण्याच्या खोल्या आणि न्हाणीघर यांकडे पाहुण्याने जाऊ नये. मोबाईल कार्यालयात ठेवावा. खाऊ आणि भेटवस्तू कार्यालयात द्याव्यात, म्हणजे त्या सर्वांना सारख्या वाटता येतात आणि कोणी एखाद्या मुलाला एकट्याला लालूच दाखवू शकत नाही. शिकवायला किंवा गाणी घ्यायला नेमाने येणाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाला विचारावे, "तुला यांना भेटायचे आहे का?" मूल नको म्हणाले, तर भेट नाही. भेटीनंतर मूल गप्प झाले, जेवेना, अंथरूण ओले करू लागले, तर ते वहीत लिहून ठेवावे आणि प्रेमाने जवळ घेऊन विचारावे. काही वावगे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेचे नाव जाईल म्हणून झाकून ठेवणे हा गुन्हा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा फोन क्रमांक मुलांना वाचता येईल अशा जागी लिहिलेला असावा.

पण या साऱ्याला दुसरी बाजू आहे, ती विसरून चालणार नाही. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी मुले बालगृहात आहेत ती आई-बाप नाहीत म्हणून नव्हे. बापाने कर्जापायी जीव दिला, आई कापूस वेचायला जाते आणि दोन वेळचे भागत नाही, म्हणून आहेत. अशी आई झरी-जामणीहून किंवा उमरखेडहून, दिवसाची मजुरी बुडवून, दोन एस. टी. बदलून येते. गाडी चुकली तर भेटीची वेळ टळून जाते. तिला "उद्या या" म्हणणे ही शिस्त नव्हे, निर्दयपणा आहे. मोटारीतून आलेल्या पाहुण्याला केव्हाही खुर्ची आणि चहा, आणि आई मात्र बाहेर लिंबाखाली बसलेली, असे चित्र दिसले तर समजावे की नियम उलटा चालला आहे. आई कोलामी बोलत असेल, गोरमाटी बोलत असेल, तर तिला लेकराशी तिच्याच बोलीत बोलू द्यावे. ती बोली जाणणारी एखादी बाई संस्थेत ठेवावी, पण "मराठीत बोला" असे दटावू नये. ज्या घरातून मूल मारहाण सोसून आले, तेथल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याला समितीच्या परवानगीवाचून भेटू देऊ नये. बाकी आईला जितके जवळ आणता येईल तितके आणावे. मुलाने एक दिवस तिच्याकडेच परत जायचे आहे.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. माझी आपणापाशी चार मागणी आहे. जाण्यापूर्वी कळवून जाऊ आणि प्रत्येकजण वहीत सही करू, अध्यक्षाबाईंनी सर्वांत आधी. लेकरांचे फोटो काढणार नाही आणि ते व्हॉट्सॲपवर टाकणार नाही. या स्मरणिकेतही ते नसावेत. "तुझे आई-बाबा कुठे?" असे विचारणार नाही आणि "मी तुला घरी नेईन" असे कबूल करणार नाही; कारण आपण घरी येऊन विसरतो आणि ते मूल फाटकाकडे पाहत राहते. ज्यांना खरोखर मूल दत्तक हवे, त्यांनी कायद्याने ठरवलेल्या दत्तक संस्थेकडे अर्ज करावा. आणि चौथी: वर्षातून एका सणाचा खर्च वाचवून दूरच्या आयांच्या एस. टी. भाड्याला द्यावा. लाडवाने तोंड गोड होईल ते एक दिवस. आई येऊन गेली की मूल पुढे कितीतरी दिवस नीट जेवते, हे मी ताटे मोजताना पाहिले आहे.

पुढच्या वेळी फाटकावरच्या बाईने आपल्यापुढे वही सरकवली, तर रागावू नका. तिला दोन शब्द बरे बोला आणि सही करा.