जखमीबरोबर जाणारी हकीकत

जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता तिलवारा घाटाशी नर्मदा ओलांडतो. त्याच रस्त्यावर, नदीच्या अलीकडे, १९५५ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते नेताजी सुभाषचंद्र बोसांच्या नावाने ओळखले जाते. वाटेत अपघात झाला, तर जखमीला उचलून तेथील रुग्णालयात नेणारी माणसे भेटतात. परंतु श्रोतेहो, जखमीला दारापर्यंत पोचविणे निराळे आणि त्याला वैद्याच्या हाती सोपविणे निराळे.

वैद्याला दिसते ती या घटकेची अवस्था. मागची हकीकत ठाऊक असते ती आणणाऱ्याला. डोक्याला मार लागलेला मनुष्य कधी प्रथम बेशुद्ध पडतो, मग उठून बसतो, स्वतःचे नाव सांगतो आणि काही वेळाने पुन्हा गुंगीत जातो. "मघाशी हा नीट बोलत होता," एवढे कोणी सांगितले, तर कवटीच्या आत रक्त साचत असावे ही शंका तत्काळ येते. ते न सांगितल्यास त्याला दारू प्यालेला समजून बाजूस निजविले जाण्याचे भय असते. तसेच हातापायाचा रक्तस्राव थांबविण्यासाठी आवळून बांधलेल्या पट्टीचे. ती किती वाजता बांधली, हे कळलेच पाहिजे. कारण दोन तासांहून अधिक काळ ती तशीच राहिली, तर तो अवयवच धोक्यात येतो.

म्हणून चार गोष्टी सांगाव्यात: मार कधी व कसा लागला, कोठे लागला, श्वासात व शुद्धीत काय पालट झाला आणि आपण काय केले. पाणी पाजले असल्यास तेही सांगावे. भूल देणाऱ्याला ते कळणे अगत्याचे असते.

पुष्कळ जण पोलिसांच्या चौकशीला भिऊन दारातूनच परततात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदतगारांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तसे कलमही आले. मदत करणाऱ्यावर स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तेव्हा नाव खुशाल राखून ठेवावे, जखमेची हकीकत मात्र राखू नये.

२२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूर भूकंपाने हादरले. अशा प्रसंगी जखमींची रीघ लागते आणि तोंडी निरोप गर्दीत हरवतो. कागदाच्या चिठोऱ्यावर वेळ व उपचार लिहून तो जखमीच्या कपड्याला टाचला, तर आपण निघून गेल्यावरही आपली साक्ष त्याच्यापाशी राहते.